खिडकीतली हिरवी पाचर

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. पण रेघा मारायची नव्हे. माझ्या अंगावर आकडे नाहीत. माझ्या अंगावर चार घरे आहेत आणि चारही हिरवी आहेत. पहिले घर कोवळ्या पालवीसारखे पिवळसर, दुसरे पोपटी, तिसरे हिरवेगार आणि चौथे इतके गर्द की लांबून काळेच वाटावे. त्यापुढे हातात धरायला मूठ आहे. मी भाताच्या पानाचा रंग ओळखते. पान भुकेले आहे की त्याचे पोट भरले आहे, एवढे एकच मला कळते. एका पट्टीने आणखी किती शिकावे?

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. आधी मी नुसते मूठभर दाणे होते. ते दाणे वितळवले, त्यात रंग कालवला आणि गरम साच्यात दाबून मला आकार दिला. साच्याला बारीक शिरा होत्या, म्हणून माझ्या घरांवरून बोट फिरवले तर पानावरून फिरवल्यासारखे वाटते. साच्यातून बाहेर आल्यावर आम्हा सगळ्या बहिणींना एका टेबलावर ओळीने मांडले. तिथे रंग तपासणारी एक बाई बसायची. तिचा चेहरा कायम आंबट. ती प्रत्येकीला मूळ पट्टीशेजारी धरायची, डोळे बारीक करायची आणि रंग जरा जरी कमीजास्त वाटला की सरळ टोपलीत टाकायची.

"अहो, एवढ्याशा फरकानं काय बिघडतं?" साचा चालवणारा कुरकुरला.

"इथे एवढासा. शेतात तोच गोणीएवढा होतो," ती म्हणाली. "चुकीचं बोलणारीपेक्षा मुकी बरी."

"मग तुम्ही का बोलता एवढं?"

"मी बरोबर बोलते म्हणून."

मी टोपलीतून वाचले. पण मुकेपण माझ्या वाट्याला येणारच होते, ते तेव्हा कळले नाही.

माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत मला कसे वापरायचे ते छापले आहे. सूर्याकडे पाठ करून उभे राहा. पान आपल्या सावलीत धरा. वरचे, पूर्ण उघडलेले पान घ्या, तोडू नका. तिसऱ्या घरापेक्षा फिके असेल तर खत द्या. नसेल तर थांबा. यातला 'थांबा' हा शब्द जाड अक्षरात आहे. तो जाड का, ते मला पुढे कळले. माणसाला सगळे जमते, थांबणे तेवढे जमत नाही.

शेती कार्यालयातल्या एका बाईंनी मला पिशवीतून गावात आणले. झाडाखाली माणसे जमवली आणि आम्हाला वाटले. बाई समजावून सांगत होत्या.

"युरियातलं नत्र म्हणजे पिकाचं जेवण. पीक आपल्या पोटापुरतं खातं. उरलेलं काही ताटात राहत नाही, निघून जातं. थोडं पाण्याबरोबर विहिरीत उतरतं, थोडं हवेत उडतं. आणि जे उडतं त्यात एक वायू असा असतो, की तो वर जाऊन आपल्या सगळ्यांवर कांबळं टाकतो. आधीच एवढं उकडतंय, त्यात आणखी कांबळं कशाला?"

"थंडीत बरं पडेल की, बाई!" मागून एकजण ओरडला आणि सगळे हसले.

तो ओरडणारा म्हणजे गोणीशेठ. त्याचे खरे नाव लोक विसरून गेले होते. त्याच्या ओसरीवर विकायच्या युरियाच्या गोण्यांची थप्पी बारा महिने असायची. पाहुणा आला तरी तो त्याला गोणीवर बसवायचा.

त्या सभेत मागच्या बाजूला एक बाई गुडघे जवळ घेऊन बसली होती. तिने मला घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि पाठीवरची सगळी अक्षरे ओठ हलवत वाचून काढली. ती आबा नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची सून. तिचा नवरा ट्रक चालवायचा आणि महिना महिना घरी नसायचा. शेत बघायचे ते तिने आणि सासऱ्यांनी. आबा तिला सूनबाई म्हणत, म्हणून मीही सूनबाईच म्हणते.

मित्रांनो, आबांबद्दल तुमचे मत आत्ताच वाईट करून घेऊ नका. आबांची नजर पंचक्रोशीत नावाजलेली होती. बांधावर उभे राहून ते सांगत, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचले आहे आणि कुठे कीड येणार आहे. लोक त्यांना मुद्दाम बोलावून आपले पीक दाखवत. तरुणपणी ते मुठीने खत टाकत, पण ती मूठ अशी मोजकी की दाणा वाया जात नसे. अशा माणसाच्या हातात सुनेने प्लास्टिकची पट्टी ठेवली, तेव्हा ते काय म्हणाले असतील?

"रंग बघायला पट्टी? आणि हे काय आहेत, गोट्या?" त्यांनी आपल्या दोन्ही डोळ्यांकडे बोट दाखवले.

"डोळे आहेतच, आबा. ही आपली सोबतीला."

"डोळ्यांना सोबत लागते होय? बरं, घे ते लहान खाचर. खेळ त्यात."

खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला भाताचा तुकडा. घराला लागूनच त्यांची खाचरे होती. त्यातले सगळ्यांत लहान सूनबाईने घेतले आणि त्या हंगामात मी पोटभर काम केले. आठ-दहा दिवसांनी ती मला घेऊन चिखलात उतरायची, सूर्याकडे पाठ करायची, एकेक पान माझ्या अंगावर हळूच ठेवायची. पानाचा स्पर्श थंड आणि खरखरीत असतो. असे वाटायचे, की रोप मला आपली नाडी दाखवते आहे. एकदा पान दुसऱ्या घराशी जुळले. तिने खत दिले. पुढे तिसऱ्याशी जुळले, ती थांबली. खताचा शेवटचा हप्ता दिलाच नाही. तरी ते लहान खाचर बाकीच्यांच्या बरोबरीने पिकले.

"गोठ्याचं पाणी मुरतं तिथे," आबा म्हणाले. "त्याला खत लागतच नाही." झाले, माझे कौतुक तिथेच मुरले.

मग वाऱ्याचे दिवस आले. आबांच्या खोलीत एक लाकडी खिडकी होती. तिचे दार चौकटीत सैल झाले होते. वारा सुटला की ते खडखडायचे. आबांना झोप लागेना. एका दुपारी ते वैतागून उठले, हाताला लागेल ते शोधले आणि खुंटीवर लटकणारी मी त्यांच्या हाताला लागले. त्यांनी मला दाराच्या आणि चौकटीच्या फटीत घातले आणि चपलेने ठोकून घट्ट बसवले. खिडकी गप्प झाली.

"हं," ते म्हणाले, "आता लागली कामाला." आणि कुशीवर वळून घोरू लागले.

अडकणे काय असते ते मला विचारा. माझी पहिली दोन घरे खिडकीबाहेर आली. तिसरे आणि चौथे चौकटीच्या लाकडात चिणले गेले, अंधारात. मूठ तेवढी आत खोलीत राहिली. तिच्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळे विणले आणि थोड्याच दिवसांत मी लाकडाच्या ढलपीसारखी दिसू लागले. सूनबाईने मला शोधले. "आबा, ती पट्टी पाहिलीत का?" आबांनी "असेल कुठेतरी" म्हटले. त्यांना खरेच आठवत नव्हते. पट्टी त्यांनी हरवली नव्हती, त्यांनी पाचर मारली होती. त्यांच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या.

पुन्हा लावणी झाली. माझ्या समोरच खाचरातले भात वाढू लागले. वारा आला की बांधाजवळच्या रोपाचे पान वाकायचे आणि थेट माझ्या पहिल्या घराला येऊन लागायचे. मला कळायचे, हे पान पहिल्या घराचे नाही, दुसऱ्याचेही नाही. हे चौथ्या घराचे आहे. याचे पोट तुडुंब भरले आहे. पण चौथे घर चौकटीत दबलेले. पान मला विचारून जायचे आणि मी उत्तर देऊ शकत नसे.

आणि तेवढ्यात आबा बांधावर यायचे, कपाळावर हात धरून बघायचे आणि म्हणायचे, "पिवळं पडलंय. पीक कसं काळंभोर दिसलं पाहिजे. गोणी काढ."

पांढरे दाणे भर दुपारी पाण्यात पडायचे. मला नाक नाही, पण खोलीत आलेला माणूस नाकाला पदर किंवा बाही लावायचा, इतका झोंबणारा वास यायचा. ते जेवण हवेत चालले होते. उरलेले चरातून वाहत खालच्या तळ्यात जायचे. तळ्यावर हिरवी जाड साय धरली. मासे वर येऊन तोंडे वासू लागले.

"आबा, आपलं खत तळं खातंय," सूनबाई एकदा म्हणाली.

"तळ्याचं तळं बघेल. तू माझा सदरा बघ. साबण लावतेस की नुसता पाण्यातून काढतेस? पिवळा पडलाय."

सूनबाईने सदरा घेतला, उजेडात धरला आणि पुन्हा धुतला. तिला वाटले, म्हातारपणी माणूस किरकिरा होतो. दिव्याचा उजेड कमी आहे, भिंतीला चुना लावून घ्यायला हवा, सदरे मळके राहतात, अशी आबांची रोजची तक्रार. मी मुठीने हे सगळे ऐकत होते. पण ऐकणे आणि समजणे यांत फरक असतो. मलाही समजले नाही.

त्या वर्षी पीक खरेच काळेभोर झाले. येणारा-जाणारा थांबून बघायचा. मग लोंब्या भरल्या आणि एके दिवशी जोराचा वारा सुटला. भाताची लुसलुशीत, उंच, मऊ ताटे सगळी एका बाजूला लोळली. जणू कोणी त्यांच्यावरून चटई गुंडाळत नेली. लोंब्या चिखलात गेल्या. रस शोषणारे तुडतुडे आधीच लागले होते, त्यांनी उरलेले चाटले. मी खिडकीतून बघत होते. मला डोळे मिटता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोणीशेठ आला. त्याचेही अर्धे पीक लोळले होते, पण ते तो सांगत नव्हता.

"आबा, पीक झोपलं की तुमचं! हाक मारून बघा, उठतंय का."

आबा हसले नाहीत.

"मी म्हणतो, कशाला या वयात ओढाताण? खाचरं मला द्या कसायला. वर्षाचं ठरवून देत जाईन. तुम्ही आपलं खुर्चीत बसा, रेडिओ ऐका."

तो गेल्यावर आबा खाटेवर बसले. मग त्यांनी सूनबाईला हाक मारली.

"पुढचा हंगाम शेवटचा बघू. पीक उभं राहिलं तर आपली शेती आपण करू. आडवं झालं तर देऊन टाकतो त्याला. तू जा शहरात नवऱ्याकडे."

"शहरात त्यांची एक खोली आहे, आबा, आणि तेही तिथे नसतात. मी तिथे बसून काय करू? भिंतींना खत घालू?"

"मग मी काय करू? माझ्या हाताला यश राहिलं नाही."

सूनबाई बाहेर गेली. त्या दिवशी, मी त्या घरात एकटी अडकलेली नाही, हे मला कळले. तिच्यासमोर शहरातली बंद खोली होती आणि आबा कशात तरी अडकले होते. पण कशात, ते त्यांनाही सांगता येत नव्हते.

पुढचा हंगाम आला. लावणीनंतर पहिला हप्ता झाला, फुटवे फुटले तेव्हा दुसरा झाला. रोपे जोमात होती. पोटरीत, म्हणजे वरच्या पानाच्या गुंडाळीत, लोंबी धरायची वेळ जवळ आली आणि आबांनी तिसऱ्या हप्त्याची घाई सुरू केली.

"बघ, कसं पिवळं पडलंय!"

"आबा, कुठे पिवळं? काळं दिसतंय चांगलं."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"मी कुठे तसं म्हटलं? पण मला काळं दिसतंय."

"मला पिवळं दिसतंय!"

दोघे खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर भांडत होते. एकच शेत, दोन माणसे, दोन रंग. कोणाचे खरे? सूनबाईला माझी आठवण झाली. "ती पट्टी असती तर एका मिनिटात निकाल लागला असता," ती म्हणाली. तिने पेटी उपसली, फळ्या झाडल्या, कपाट ओढून मागे पाहिले. शेती कार्यालयातल्या बाईंची बदली झाली होती आणि नव्या माणसाकडे पट्ट्या शिल्लक नव्हत्या, हे ती आधीच बघून आली होती. शोधून थकली आणि खिडकीला टेकून उभी राहिली. तिचा खांदा माझ्या मुठीला घासत होता. मित्रांनो, मला हात असता तर मी तिचा पदर ओढला असता.

बाहेर वारा सुटला होता. झाडे वाकत होती. सूनबाईने खिडकीच्या दाराला हात लावला.

"आबा, ही खिडकी वाजायची ना हो? केवढा जीव खायची. कधीपासून वाजत नाही?"

"पाचर मारली मी."

"कशाची?"

"असंच काहीतरी होतं. प्लास्टिकचं."

सूनबाई एकदम वळली. जाळे हाताने पुसले. मूठ दिसली. तिने ओढले, मी हलले नाही. इतक्या दिवसांत लाकडाने मला घट्ट धरले होते. तिने खिळे उपटायची पक्कड आणली. ती ओढत होती आणि आबा मागून म्हणत होते, "अगं, खिडकी मोडशील!" कचकन आवाज झाला. माझा एक कोपरा तुटून चौकटीतच राहिला, पण मी बाहेर आले. आणि बाहेर येताक्षणी खिडकी पूर्वीसारखी खडखड वाजू लागली.

माझी दशा बघण्यासारखी होती. पहिली दोन घरे उन्हाने उडून पांढुरकी झाली होती. पण तिसरे आणि चौथे घर लाकडाच्या अंधारात जसेच्या तसे राहिले होते. ज्या चौकटीला मी इतके दिवस शिव्या दिल्या, तिनेच माझे कामाचे रंग सांभाळले होते.

नेमका तेव्हाच गोणीशेठ ट्रॉलीत गोण्या घालून दारात आला. आबांनीच निरोप धाडला होता.

"काय चाललंय? अच्छा, ती पट्टी! अहो सूनबाई, पट्टी लावून खत घालायचं म्हणजे थर्मामीटर लावून पोराला जेवायला वाढायचं!"

"आणि तुम्ही कसं वाढता, काका? पोट फुटेपर्यंत?"

"खाऊन कोणी मरत नाही."

"मागच्या वर्षी आपली दोघांची पिकं कशानं आडवी झाली मग? उपासानं?"

गोणीशेठ खोकला आणि गोण्या उतरवायला वळला. सूनबाई मला घेऊन निघाली, तेव्हा आबांनी हात पुढे केला.

"दे इकडे. तू तुला हवं तेच सांगशील. मीच बघतो."

मी पुन्हा त्या हातात गेले, ज्या हाताने मला ठोकले होते. आबा बांधावरून हळूहळू खाचरात उतरले. सूनबाई बांधावरूनच सांगत होती, "सूर्याकडे पाठ करा. आता पान तुमच्या सावलीत धरा. वरचं घ्या, उघडलेलं. तोडू नका." आबा कुरकुरत का होईना, तसेच करत होते.

त्यांनी पान पहिल्या घरावर ठेवले. घर पांढुरके, पान त्यावर उठून दिसले. दुसऱ्यावर ठेवले, तिथेही दिसले. तिसऱ्यावर ठेवले. "जरा वेगळं दिसतंय," ते पुटपुटले. मग त्यांनी पान सरकवून चौथ्या घरावर नेले आणि थांबले. चेहरा जवळ आणला. मला त्यांचा श्वास लागत होता.

"सूनबाई, पान कुठं गेलं?"

"तुमच्या बोटात आहे की, आबा."

"बोटात आहे, पण दिसत नाही. पट्टीत मिसळून गेलं."

त्यांनी दुसरे रोप घेतले. तिसरे घेतले. खाचराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिले. पान प्रत्येक वेळी चौथ्या घरात जाऊन नाहीसे व्हायचे. शेवटी ते पाण्यात तसेच उभे राहिले.

"हे शेवटचं घर तुला कसं दिसतं?" त्यांनी विचारले.

"गर्द. जवळजवळ काळं."

"मला पिकलेल्या पानासारखं दिसतं. पिवळट."

सूनबाई चपला काढून पाण्यात उतरली. आबांनी स्वतःच्या सदऱ्याची बाही पुढे धरली.

"हा पांढरा आहे का गं?"

"पांढराशुभ्र. सकाळीच धुतलाय."

"आणि मी रोज तुला बोलतो."

आबांनी मला आणि पानाला पुन्हा एकत्र धरून पाहिले. ज्या डोळ्यांना पान पिवळे दिसत होते, त्याच डोळ्यांना मीही पिवळी दिसत होते. म्हणून आमची जोडी चुकली नव्हती. पडदा पडला होता तो आबांच्या डोळ्यांवर. पिकावर नव्हता, मातीवर नव्हता आणि हाताच्या यशावर तर मुळीच नव्हता. वर्षानुवर्षे तो पडदा दाट होत गेला, शेत पिवळे दिसत गेले आणि गोण्या वाढत गेल्या. तो माणूस आपल्याच डोळ्यांत कोंडला गेला होता आणि बाहेर पडण्यासाठी शेताला खत घालत होता.

"शेठ," आबांनी ट्रॉलीकडे तोंड करून हाक मारली, "त्या गोण्या परत न्या."

"एक तरी ठेवा, आबा. मनाच्या समाधानासाठी."

"मनाला घालू होय युरिया? न्या म्हटलं ना!"

पण तरीही हंगामाचा निकाल लागायचा होता. तिसरा हप्ता दिला नाही म्हणून आबा रोज चार वेळा बांधावर जायचे आणि मला पानाला लावायचे. पान चौथ्या घरावरून पुढे तिसऱ्यावर आले, पण त्याखाली गेले नाही. सूनबाईही धास्तावलेली असायची. ट्रकवाला मुलगा घरी आला, त्याने सगळे ऐकले आणि वडिलांना दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकला आहे, आधीच यायला हवे होते. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. आबा काळा चष्मा लावून काही दिवस मुलाच्या त्या शहरातल्या खोलीत राहिले.

ते तिथे असतानाच वारा आला. सूनबाई खिडकीत उभी राहिली, मला हातात घट्ट धरून. खिडकी नुसती थडथडत होती. पीक वाकले, सळसळले, पार खाली झुकले आणि पुन्हा वर आले. ताटे गोणीशेठच्या शेतापेक्षा ठेंगणी होती, पण टणक होती. काही कोपऱ्यांत थोडी कलली. बाकी उभी राहिली. सूनबाई खाली बसली आणि तिने मला कपाळाला लावले. मला घाम कळत नाही आणि आसू कळत नाहीत, पण मी ओली झाले.

आबा परत आले तेव्हा कापणी तोंडावर आली होती. चष्मा काढून ते बांधावर उभे राहिले. सगळे शेत पिकून पिवळेधमक झाले होते. आबा किती तरी वेळ बघत होते. मग त्यांनी जरा भीत भीत विचारले,

"सूनबाई, आता हे खरंच पिवळं आहे ना?"

"हो आबा. आता खरंच पिवळं आहे."

गोणीशेठ नंतर आला. कसायला जमीन मागण्याचे बोलणे त्याने काढले नाही. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलला आणि जाता जाता म्हणाला, "ती पट्टी जरा द्या की चार दिवस. बघतो म्हणतो."

"देते, काका," सूनबाई म्हणाली. "पण परत आणा. आणि खिडकीत ठोकू नका."

आबा एवढे हसले, की त्यांना ठसका लागला.

आता मी आबांच्या खोलीत सावलीत टांगलेली असते. शेती कार्यालयात नव्या पट्ट्या आल्या तेव्हा सूनबाईने मला त्यांच्याशी जुळवून घेतले. माझी शेवटची दोन घरे अजून खरे बोलतात. पहिल्या दोघांसाठी तिने नवी पट्टी आणली आहे. तळ्यावरची साय विरळ झाली आहे. हवेत किती कमी गेले ते मला दिसत नाही, कुणालाच दिसत नाही. पण जे गोणीतच राहिले ते वर जाऊन कांबळे झाले नाही, एवढे नक्की.

मित्रांनो, माझ्या कितीतरी बहिणी आज कुठे कपाटाखाली, कुठे डगमगत्या टेबलाच्या पायाखाली, कुठे खिडकीत दबून पडल्या असतील. त्यांना हाक मारता येत नाही. तुमच्या घरात, शेजारी, शेताच्या खोपीत एखादी दिसली तर तिला ओढून काढा, पुसा, उन्हात ठेवू नका आणि पानापाशी घेऊन जा. ती 'थांबा' म्हणाली तर थांबा. आणि घरातले म्हातारे माणूस सारखे म्हणू लागले की सगळे पिवळे दिसते, तर त्याच्यावर चिडू नका. त्याला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

वारा सुटला की आबांची खिडकी अजून खडखडते. चांगली लाकडाची पाचर करून घेईन, असे ते दरवेळी म्हणतात आणि करत नाहीत. झोपमोड झाली की उठून बसतात, मी जागेवर आहे ना ते बघतात आणि पुन्हा आडवे होतात.

"वाजू दे," म्हणतात.